पारवीची थंडी

२८ नोव्हेंबर
बाल्कनीत सकाळी सहा वाजता १२.५ अंश.

कपाट आवरताना एक कोरी प्रयोगवही सापडली. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली, निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शालीबरोबर ही वहीही घरी आली. नारळ आणि शाल त्यांनी दिली होती, वही मी उचलली. उजवीकडे रेघा, डावीकडे आकृतीसाठी कोरं पान. हिच्यात आता पारवीची नोंद ठेवायची.

पारवी म्हणजे आमची गाडी. रंग पारव्याच्या पाठीसारखा, म्हणून सुनीतीने तेरा वर्षांपूर्वी हे नाव ठेवलं. सुनीती माझी बायको. वहीला हे सांगायची गरज नाही, पण पहिल्या पानावर साहित्य लिहायची सवय जात नाही.

उद्देश: तेरा जानेवारीला, भोगीच्या सकाळी सातला, सुनीतीला गाडीने बोपदेव घाट चढून सासवडला तिच्या भावाकडे नेणे. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, एकही भोगी चुकलेली नाही. आधी स्कूटरवर, मग गाडीत. तिच्या हातची तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाल्ल्याशिवाय तो, यज्ञेश्वर, संक्रांत आली असं मानत नाही.

यंदा या उद्देशाला एक शेपूट आहे. दिवाळीत कात्रजला मी वळायचं विसरलो आणि बोगद्यापर्यंत गेलो, एवढ्यावरून मुलगी ऋचा म्हणाली, "बाबा, आता गाडी नका चालवू. चौऱ्याहत्तर म्हणजे काही कमी नाही. कॅब आहेत ना." मी म्हटलं, भोगीला घाट चढून दाखवतो. नाही जमलं तर चावी तुझ्या हातात देईन. सुनीती तेव्हा करंज्या भरत होती. 

३ डिसेंबर
११ अंश.

गाडी कुठे न्यायची नसली तरी रोज पाच मिनिटं चालू करून ठेवावी, हे आमच्या सहकारनगरच्या सोसायटीतल्या प्रत्येक निवृत्त माणसाला माहीत आहे. सकाळी सहाला पार्किंगमध्ये चार गाड्या उभ्या जागी घरघरत असतात आणि स्वेटर घातलेले चार म्हातारे त्यांच्याकडे कौतुकाने बघत असतात. पाच मिनिटांनी गाड्या बंद होतात, त्यांच्यावर कव्हरं चढतात, आणि सगळे चहाला जातात.

मी मात्र इंजिन बंद करून थोडा वेळ आत बसतो. रेडिओ हळू लावतो. तळजाईवरून धुकं उतरतं, काचा पांढऱ्या होतात, आणि मग पारवी कुठेही असू शकते. आज वाटलं की कोयनेच्या काठी उभे आहोत, ऋचा मागच्या सीटवर झोपली आहे, सुनीती थर्मासचं झाकण उघडते आहे. त्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. काचेवर टकटक झाली तेव्हा सुनीती बाहेर उभी होती. शाल घेऊन, एकटी, आत्ताची.

९ डिसेंबर
९.२ अंश.

पारवी सुरू झाली नाही. दोनदा कण्हली, मग नुसतं टक. सुनीतीने बाल्कनीतून विचारलं, "झाली का सुरू?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि आत गेली. अशा वेळी कुणी "बरं" म्हणतं का?

उत्तरेश्वरला बोलावलं. स्वारगेटहून सातारा रस्त्याला लागलं की त्याचं बॅटरीचं छोटं दुकान आहे. बार्शीकडचा पोरगा, आता चाळिशीला आला. त्याने चिमटे लावून बॅटरीवर भार टाकला, तसा मीटरचा काटा खाली पडला. मी माझा हायड्रोमीटर काढून सहाही भांड्यांतलं आम्ल तपासलं. पाण्याच्या जवळ गेलेलं.

"किती वर्सं झाली काका हिला?"

"पाच."

"मंग काय. लई झाली."

मी त्याला समजावलं की थंडीत आम्लाची क्रिया मंदावते, इंजिनातलं तेलही घट्ट होतं, म्हणजे जोर जास्त लागतो आणि तेव्हाच तो कमी मिळतो. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण. मग म्हणाला, "ते खरंय काका. पर थंडी हिला मारीत नस्ती. मारतंय ऊन. एप्रिल-मेच्या उन्हानं ती आतनं खलास झाल्याली अस्ती, कुणाला कळत न्हाई. थंडीत निस्तं कळतंय." आणि वर, "रोज पाच मिन्टं चालू करून बंद करताय न्हवं? एका स्टार्टला जेवढं जातंय तेवढं भरायला अर्धा तास पळवायला लागतीय. तुमी रोज तिच्यातनं काढतच आलाय."

पाच वर्षं मी तिची काळजी घेत होतो. हे बाकीच्या तिघांना सांगितलेलं नाही. त्यांचा सकाळचा आनंद आहे, राहू दे.

११ डिसेंबर
१०.१ अंश. नवी बॅटरी.

हिला झाकणं नाहीत, पाणी घालायचं नाही, हायड्रोमीटर बुडवायला जागा नाही. वर फक्त एक हिरवा डोळा आहे. तो हिरवा आहे तोवर सगळं ठीक. पारवी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बोनेटवर हात ठेवून तिची थरथर किती तरी वेळ अनुभवली. वरून सुनीती बघत होती. मी हात हलवला, तिनेही हलवला, पण तो निरोप दिल्यासारखा हलवला.

१४ डिसेंबर
१०.८ अंश.

संक्रांतीच्या वड्यांसाठी तीळ-गूळ मार्केट यार्डातून घ्यायचा असा आमचा शिरस्ता आहे. सुनीतीला घेऊन गेलो, तो घेतला. मग आवळे बघायला मंडईकडे निघालो, तर स्वारगेटच्या चौकात गंमत झाली. सिग्नल हिरवा झाला आणि मला रस्ता ठाऊक नव्हता. विसरलो असं नव्हे. समोर रस्ते होते, सगळ्यांवर कोवळं ऊन पडलं होतं, सगळे सारखेच छान दिसत होते. त्यातला आपला कुठला, एवढंच कळत नव्हतं. मागून हॉर्न वाजत होते तेही फार लांबून, नदीपलीकडे वरात चालली असावी तसे. मला मुळीच भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

पाय सैल पडला असावा, पारवी थोडी पुढे गेली. पुढे एका बाईची स्कूटर होती, मागे लाल कानटोपी घातलेली लहान मुलगी. लागलं काही नाही. वीतभर अंतर होतं, आणि वीत म्हणजे पुष्कळ. ती बाई वळून जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

सुनीतीने गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "डावीकडे घ्या. हळू. असं." तिचा हात बर्फासारखा गार होता. हीटर बघायला हवा. घरापर्यंत ती "आता सरळ", "आता उजवीकडे" एवढंच बोलत होती. आवळे राहिले.

१७ डिसेंबर
९.६ अंश.

गाडी ठप्प. नवी बॅटरी, सहा दिवसांची. हिरवा डोळा काळा पडला.

उत्तरेश्वरने येऊन दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून सुरू करून दिली. आतला छताचा दिवा चालू राहिला होता म्हणे. मी म्हटलं, दिवा एवढासा, थंडीनेच केलं हे. तो म्हणाला, "नव्या ब्याटरीला पुण्याची थंडी काय करती काका? हितं काय काश्मीर हाय? दिवा कुणी लावला?"

कोण लावणार? मीच. काल सकाळी बसलो होतो तेव्हा राहिला असेल.

सुनीती त्याच्यासाठी चहा घेऊन खाली आली. मी कव्हर घालत होतो तेव्हा ती दोघं फाटकापाशी बराच वेळ बोलत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या आईच्या गुडघ्यांचं चाललं असावं.

२२ डिसेंबर
८.९ अंश. यंदाचा नीचांक.

पुन्हा ठप्प. या वेळी डिकीचं दार नीट लागलं नव्हतं, तिथला दिवा जळत राहिला. काल संध्याकाळी मी सगळं तपासलं होतं. तपासलं होतं ना? डिकी मी उघडलीच कशाला असेल? आठवून बघतो तेव्हा मी डिकी लावतानाही दिसतो आणि न लावतानाही दिसतो, दोन्ही चित्रं सारखीच स्वच्छ.

उत्तरेश्वरला विचारलं तर म्हणतो, "थंडी लई हाय काका. र्‍हाऊ द्या गाडी. भोगीला यष्टीनं जावा." पाच दिवसांपूर्वी हाच म्हणत होता की थंडी काही करत नाही. लोकांना तत्त्वं म्हणून राहिलेली नाहीत.

२९ डिसेंबर
९.४ अंश.

तोडगा काढला. बॅटरी काढून घरात आणली. दहा नंबरचा पाना घेतला, आधी ऋण टोक, मग धन. पिशवीत घालून लिफ्टने वर. ओट्याखाली तिळाच्या आणि पोह्यांच्या डब्यांशेजारी तिला जागा दिली. इथे थंडीही नाही आणि दिवे राहायची भानगडही नाही. भोगीला सकाळी नेऊन बसवायची, दहा मिनिटांचं काम.

सुनीती म्हणाली, "अहो, स्वेटर विणून देऊ का तिला?"

मी म्हटलं, टोपडंही वीण. ती हसली नाही. एरवी माझ्या अशा बोलण्यावर ती हसते, निदान नाक तरी मुरडते. आज भाजी निवडत राहिली. मग एकदम विचारलं, "तुम्हाला घाटच चढायचाय ना? की भोगीला जायचंय?"

मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. 

१२ जानेवारी
८.८ अंश.

सगळं तयार. सुनीतीने वड्या केल्या, वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत गेला. हिरवा डोळा हिरवा. पाना बॅटरीच्या डोक्यावरच ठेवला आहे आणि इथे लिहूनही ठेवतो, म्हणजे भांडण नको: पाना बॅटरीवर आहे.

डोळे मिटले की घाट दिसतो. प्रत्येक वळण पाठ आहे. तिसऱ्या वळणावर दुसरा गिअर, मग डोंगर बाजूला होतो आणि एकदम मोठं आकाश. तिथे सुनीती दरवर्षी म्हणते, "आलं माहेर." अजून अर्धा तास बाकी असतो, तरी म्हणते.

१३ जानेवारी, भोगी
८.४ अंश.

पाना नाही.

बॅटरीवर नाही, ओट्यावर नाही, हत्यारांच्या पेटीत नाही. देव्हाऱ्यामागे पाहिलं. स्वेटरच्या खिशात पाहिलं. कालची नोंद काढून वाचली. अक्षर माझंच. म्हणजे मी ठेवला, लिहिला, आणि मग उचलून कुठे तरी नेला, आणि ते मला माहीत नाही. ते कोण करत होतं मग?

शेजारच्या आनंदरावांकडे पाना मागता आला असता. मागितला नाही. अडचण पान्याची नव्हती. ज्याला दहा नंबरचा पाना सांभाळता येत नाही त्याने बायकोला घेऊन घाट चढू नये, एवढं मलाही कळतं.

खाली जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. आईनंतर प्रथमच. कधी आली कळलं नाही, पण सुनीती शेजारी येऊन बसली. हिरवी इरकल नेसली होती, भोगीची. तिचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट झाला होता.

"तुम्ही काही विसरत नाही," ती म्हणाली.

"पाना कुठाय मग?"

"तुम्ही काही विसरत नाही," पुन्हा तेच. समजूत घालायची तिची ही पद्धत. एकच वाक्य दोनदा.

एसटीने गेलो. स्वारगेटहून सासवडची गाडी दिवे घाटाने जाते. तिने मला खिडकीची जागा दिली. धुकं इतकं की बस चालते आहे की डोंगरच मागे सरकतो आहे, कळत नव्हतं. वर चढलो तसं धुकं फाटलं आणि खाली तलाव दिसला. मस्तानीचा तलाव. या घाटानेही मी कितीदा गाडी नेली असेल, पण स्टिअरिंगवर बसणाऱ्याला तलाव दिसत नाही, त्याला पुढच्या ट्रकचं बूड दिसतं. पाणी दुधासारखं होतं. त्याच्या काठाने एक बाई चालली होती, डोक्यावर काही तरी घेऊन, आणि ती पाण्यावरून चालते आहे असं वाटत होतं. वळण येईपर्यंत मी तिला बघत राहिलो. सगळं दुखणं तेवढा वेळ थांबलं.

"दरवर्षी दिसतो हा?" मी विचारलं.

"दिवे घाटाने आलो की दिसतो," सुनीती म्हणाली.

यज्ञेश्वर दारात उभा होता. "या श्यामराव. गाडी?" मी काही बोलायच्या आत सुनीती म्हणाली, "थंडीने बसली रे. बॅटरी." भोगीची भाजी झकास झाली होती, पण सुनीतीच्या हातून भाकरी करपली. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. डोळे पुसत होती. यज्ञेश्वर म्हणाला, "ताई, गॅसवर कसला आलाय धूर?"

२५ जानेवारी, रथसप्तमी
१३ अंश. थंडी ओसरते आहे.

सुनीती हळदीकुंकवाला गेली आहे. चुकून एखादी वडी उरली असेल म्हणून मी तिळाचा डबा उघडला. हात घातला तर बोटांना गार लोखंड लागलं.

दहा नंबरचा पाना. तिळात पुरलेला.

आधी हसू आलं. आवरेना. मी विसरलो नव्हतो. मी बॅटरीवर ठेवला होता, लिहिलं होतं तसाच ठेवला होता. ओट्यापाशी उभा राहून मोठ्याने म्हटलं, मी विसरलो नव्हतो.

मग राग आला, तोही लिहून ठेवतो. बारा दिवस मी स्वतःला कामातून गेलेला समजत होतो आणि ही समोर बसून मटार सोलत होती. छताचा दिवाही हिचाच. डिकीही. तो उत्तरेश्वरही सामील. मी तर त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशीसुद्धा केली होती, तेव्हा गोंधळून बघत होता.

ती आल्यावर काय काय बोलायचं ते ठरवत खुर्चीत बसलो. चांगली चार वाक्यं तयार केली, पुणेरी. मग डोळ्यांपुढे ती लाल कानटोपी आली. वीतभर अंतर. आज बसल्या जागी वीत पसरून पाहिली. माझा हात तसा लहानच आहे.

सुनीतीला तेव्हाच कळलं होतं. मला म्हणायला धजली नाही, ऋचालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी चावी गेली असती. तिने दोष थंडीवर टाकला. आणि त्या सकाळी पायरीवर ती जे दोनदा म्हणाली, ती समजूत नव्हती, ती जवळजवळ कबुलीच होती.

पाना होता तसा तिळात घातला, वरून तीळ सारखे केले, झाकण लावलं. ती आली, वाण दाखवलं. स्टीलची चाळणी. मी म्हटलं, छान आहे.

१८ फेब्रुवारी
१६ अंश.

ऋचाचा फोन. भोगीला घाट झालाच नाही, मग चावीचं काय? सुनीतीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "असू दे गं. बॅटरी थंडीने बसली होती, त्यात बाबांचा काय दोष? थंडी सरली की बघू." ऋचा म्हणाली, "आई, थंडी सरली. इकडे एसी लावलाय." सुनीती म्हणाली, "बाणेरला लावला असशील."

मी पेपर वाचत होतो. एकच ओळ वाचत होतो.

पारवीत मी रोज सकाळी जाऊन बसतो. बॅटरी अजून ओट्याखालीच आहे, त्यामुळे रेडिओ नाही. तरी काचेपलीकडे कोयना येते.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया
सकाळी सहाला २४ अंश. आता नऊ वाजता ३३. दुपारी चाळिशीला जाणार म्हणतात.

यज्ञेश्वरने आमरसाला बोलावलं आहे. सकाळपासून सुनीतीच्या मनात काही तरी चाललं होतं. दोनदा खुंटीवरच्या चावीकडे पाहिलं. एकदा तिळाच्या डब्यावर हात ठेवला आणि काढला. आता थंडीचं निमित्त उरलं नव्हतं. नवीन निमित्त ती शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. खोटं बोलायची सवयच नाही तिला, जे बोलली ते या एका हिवाळ्यात.

मी चावी घेतली. "बघून येतो," म्हटलं आणि खाली गेलो. तिने अडवलं नाही, ओट्याला धरून उभी राहिली.

पारवीचं कव्हर काढलं. आत बसलो. चावी फिरवली. बॅटरी नसलेल्या गाडीत चावी फिरवली की काहीच होत नाही, टकसुद्धा नाही. फार शांत असतं ते. पाच मिनिटं बसलो, नेमाप्रमाणे. मग कव्हर नीट घातलं, चारही कोपरे ओढून घेतले, आणि वर आलो.

सुनीती तिथेच उभी होती. कपाळावर घाम होता, पंखा फुल होता.

मी म्हटलं, "थंडी फार आहे आज. पारवी काही उठत नाही."

तिने ओट्याखालच्या बॅटरीकडे पाहिलं. मग तिळाच्या डब्याकडे. मग माझ्याकडे, आणि बराच वेळ माझ्याकडेच.

"शाल घेऊ का बरोबर?" तिने विचारलं. 

"घे," मी म्हटलं.

चावी ऋचाला द्यायला सांगून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने खरोखरच शाल काढून पिशवीत घातली.

आता निघतो. साडेनऊची एसटी आहे. आज खिडकी तिला द्यायची, आणि तलावात पाणी किती उरलंय ते तिच्याकडून ऐकायचं.

या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक ओळ कोरी असते. ती भरून ठेवतो.

निष्कर्ष: थंडीमुळे गाडी सुरू झाली नाही.